मानवी हक्क आणि व्यक्तिगत जबाबदारी : महाडच्या चवदार तळ्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

दरवर्षी १० डिसेंबर रोजी महाविद्यालयांतून मानवी हक्क दिन साजरा केला जातो. त्या दिवशीच्या व्याख्यानांत एक विचार हमखास ऐकावयास मिळतो. तो असा की, हक्क मागण्यापूर्वी प्रत्येकाने आपली कर्तव्ये पार पाडली पाहिजेत. हा विचार सद्हेतूने मांडला जातो आणि श्रोत्यांनाही तो पटतो. तथापि इतिहासाच्या अभ्यासकापुढे येथे दोन प्रश्न उभे राहतात. हे कर्तव्य कोणाचे? आणि ते कोणाप्रति? या प्रश्नांची उत्तरे दिल्याशिवाय हक्क व कर्तव्य यांच्या परस्परसंबंधाची चर्चा अर्धवट राहते. कारण ज्याला हक्क नाकारला गेला आहे, त्यालाच पुन्हा कर्तव्याची आठवण करून देण्याचे काम अशी अर्धवट चर्चा नकळत करीत असते.

हक्क व जबाबदारी यांचा संबंध तात्त्विक पातळीवर अनेकांनी मांडला आहे. प्रस्तुत लेखात तो एका ऐतिहासिक घटनेच्या आधारे तपासण्याचा प्रयत्न केला आहे. ही घटना म्हणजे तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील महाड येथील चवदार तळ्याचा लढा होय. १९२३ मधील मुंबई विधिमंडळाचा ठराव ते १९३७ मधील मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय असा या लढ्याचा चौदा वर्षांचा कालखंड आहे. महाड सत्याग्रहाचे सामाजिक व राजकीय महत्त्व मराठीत विपुल प्रमाणात लिहिले गेले आहे. त्याची पुनरुक्ती करण्याचा येथे हेतू नाही. कागदावर मिळालेला हक्क प्रत्यक्षात उतरण्यासाठी कोणाकोणाला कोणती जबाबदारी उचलावी लागते, एवढ्या मर्यादित अंगाने या लढ्याकडे पाहावयाचे आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) चवदार तळ्याच्या लढ्यात हक्क आणि जबाबदारी यांचा संबंध कोणत्या स्वरूपात व्यक्त झाला, याचा शोध घेणे.
२) मार्च व डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदांनी जबाबदारीची वाटणी कशी केली, हे स्पष्ट करणे.
३) भारतीय संविधान व त्यानंतरचे कायदे यांत या वाटणीचे कोणते प्रतिबिंब आढळते, हे पाहणे.
४) ‘आधी कर्तव्य, मग हक्क’ या प्रचलित मांडणीचे इतिहासाच्या आधारे परीक्षण करणे.

कर्तव्ये होती, हक्क नव्हते

पारंपरिक ग्रामव्यवस्था ही मूलतः कर्तव्यांची व्यवस्था होती. प्रत्येक जातीला जन्माने काम ठरलेले होते. महार वतनदाराकडे गावची वेस राखणे, सीमेची साक्ष देणे, सरकारी सारा व टपाल तालुक्याच्या ठिकाणी पोहोचविणे, मेलेली जनावरे ओढून नेणे, अधिकाऱ्यांच्या दिमतीला राहणे अशी कामे होती. या कामांना वेळेची मर्यादा नव्हती. वतनदार हजर नसेल तर त्याच्या घरातील अन्य व्यक्तीला ते काम करावे लागे. ब्रिटिश राजवटीत १८७४ च्या वतन कायद्याने या सेवांना कायद्याचे अधिष्ठान मिळाले. या कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. प्रत्यक्षात कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले.

महाडच्या संदर्भात या कर्तव्यांना विशेष अर्थ आहे. महाड हे तालुक्याचे ठिकाण व बाजारपेठेचे गाव होते. आसपासच्या खेड्यांतील अस्पृश्य मानले गेलेले लोक तेथे खरेदीसाठी येत. त्याचप्रमाणे गावचे चाकर या नात्याने सरकारी कागदपत्रे व वसूल पोहोचविण्यासाठीही त्यांना तेथे यावे लागे. बाहेरगावच्या माणसाला पाणी पिता येईल असे सार्वजनिक ठिकाण म्हणजे चवदार तळे. त्या तळ्यावर त्यांना मज्जाव होता. दुसरी सोय गावाबाहेरच्या त्यांच्या वस्तीत, म्हणजे पेठेपासून दूर होती. तळ्याचे पाणी मुसलमान भरत, गुरेढोरेही तेथे पाणी पीत. त्याला कोणाचा आक्षेप नव्हता. समाजाने लादलेले कर्तव्य बजावण्यासाठी जो माणूस मैलोगणती चालत आला, त्यालाच सार्वजनिक तळ्याचे ओंजळभर पाणी नाकारले जात होते. कर्तव्य पार पाडले की हक्क आपोआप मिळतो, हा सिद्धांत खरा असता तर महाडच्या तळ्यावरील पहिला हक्क याच माणसाचा ठरला असता.

या परिस्थितीची जाणीव असणाऱ्या व्यक्ती एकोणिसाव्या शतकातही होत्या. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये पुण्यातील आपल्या घराचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्या वेळी तसे करण्यास त्यांना भाग पाडणारा कोणताही कायदा नव्हता. हौद खाजगी होता आणि निर्णयही एका कुटुंबाचा होता. हक्काला कायद्याची मान्यता मिळण्यापूर्वी व्यक्तीने स्वतःहून उचललेल्या जबाबदारीचे हे उदाहरण आहे. पुढील काळात याच्या उलट चित्र दिसते. कायदेशीर मान्यता मिळाली. परंतु जबाबदारी उचलणारे पुढे आले नाहीत.

कागदावरचा हक्क : १९२३ ते १९२६

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात एक ठराव मांडला आणि तो संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेले अथवा चालविले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा वापर करण्यास अस्पृश्य वर्गांना मुभा असावी, अशी या ठरावाची शिफारस होती. ११ सप्टेंबर १९२३ रोजी मुंबई सरकारने खातेप्रमुखांना या ठरावाची अंमलबजावणी करण्याविषयी कळविले. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला.

येथे घटनाक्रम पूर्ण झाला असे वरकरणी वाटते. विधिमंडळाने ठराव केला, सरकारने आदेश काढला, स्थानिक संस्थेने तो मान्य केला. हक्काच्या मान्यतेच्या तीनही पायऱ्या पार झाल्या. तरीही पुढील तीन वर्षे तळ्यावर स्थिती पूर्ववतच राहिली. कारण तळ्याच्या काठी ना विधिमंडळ उभे होते ना सरकार. तेथे राहत होते ते शेजारी. त्यांनी वाट अडविली तर ती मोकळी करण्याची जबाबदारी कोणाची, हे कोणत्याच ठरावाने सांगितले नव्हते. बोले यांच्याही हे लक्षात आले होते. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी दुसरा ठराव मांडला. पहिल्या ठरावाची अंमलबजावणी नाकारणाऱ्या नगरपालिका व लोकल बोर्डांना सरकारने अनुदान देऊ नये, अशी त्याची शिफारस होती. पहिला ठराव हक्काची घोषणा करणारा होता. दुसरा ठराव जबाबदारी टाळणाऱ्या संस्थेला उत्तरदायी ठरविणारा होता. हक्काच्या घोषणेपासून उत्तरदायित्वापर्यंतचा हा प्रवास अभ्यासकांनी विशेष लक्षात घेण्यासारखा आहे.

मार्च १९२७ : जबाबदारीची त्रिविध वाटणी

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. डॉ. आंबेडकर अध्यक्षस्थानी होते. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनी परिषदेच्या उभारणीसाठी मोठे परिश्रम घेतले होते. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे व गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ही सवर्ण समाजातील मंडळी परिषदेच्या पाठीशी होती. नगरपालिकेने तळे खुले केल्याला तीन वर्षे लोटली होती; तरी परिषदेसाठी जमलेल्या लोकांकरिता चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. ठराव आणि वस्तुस्थिती यांमधील अंतर किती होते, हे या एका तपशिलावरून समजते.

या परिषदेचे ठराव जबाबदारीच्या दृष्टीने वाचले असता त्यांचे तीन गट पडतात.

पहिला गट स्वतःविषयीचा. मृत जनावरांचे मांस खाणे सोडावे, उष्टे-शिळे अन्न मागू नये, स्वावलंबन व स्वाभिमान अंगी बाणवावा, मुलांना शिक्षण द्यावे, असा उपदेश डॉ. आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना केला. हक्क मागणाऱ्या समाजाने स्वतःवर घेतलेली ही जबाबदारी होती.

दुसरा गट सवर्ण समाजाला उद्देशून. अस्पृश्यांना त्यांचे नागरी हक्क बजावण्यास साहाय्य करावे, त्यांना नोकऱ्या द्याव्यात, विद्यार्थ्यांच्या भोजनाची सोय करावी आणि आपली मेलेली जनावरे आपणच पुरावीत, असे आवाहन परिषदेने केले. यातील शेवटची मागणी वरवर किरकोळ वाटेल. परंतु ज्याचे जनावर त्याने त्याची विल्हेवाट लावावी, या साध्या वाक्यात जन्माधारित कर्तव्याची जागा व्यक्तिगत जबाबदारीने घेतलेली दिसते.

तिसरा गट शासनाविषयीचा. बोले ठरावाची अंमलबजावणी करावी, त्यासाठी आवश्यक तेथे फौजदारी कायद्याच्या कलम १४४ चा वापर करावा, प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करावे, वसतिगृहांना साहाय्य द्यावे, अशा मागण्या त्यात होत्या.

स्वतः, समाज आणि शासन अशी ही त्रिविध वाटणी आहे. यांपैकी पहिली जबाबदारी पूर्ण होईपर्यंत दुसरी व तिसरी थांबून राहील, असे परिषदेने कोठेही मान्य केले नाही. तिन्ही जबाबदाऱ्या एकाच वेळी व आपापल्या ठिकाणी बंधनकारक आहेत, ही परिषदेची भूमिका होती.

२० मार्च रोजी परिषदेच्या समारोपाच्या वेळी अनंतराव चित्रे यांनी नगरपालिकेच्या ठरावाची अंमलबजावणी आजच करावी असे सुचविले. त्यानुसार डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मिरवणूक तळ्यावर गेली आणि तेथे पाणी प्राशन करण्यात आले. नगरपालिकेने दिलेली परवानगी वापरणे एवढीच ही कृती होती. तथापि त्यानंतर वीरेश्वराच्या मंदिरातही हे लोक शिरणार, अशी अफवा गावात पसरली. जमावाने परिषदेच्या मंडपावर व परतणाऱ्या लोकांवर हल्ला केला. प्रतिकार करण्याइतके लोक सोबत असतानाही डॉ. आंबेडकरांनी अनुयायांना आवरले. हल्लेखोरांपैकी पाच जणांना पुढे चार महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. पाणी प्याल्यामुळे तळे बाटले असे मानून १०८ घागरी पाणी उपसून काढण्यात आले आणि पंचगव्य टाकून तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. ज्या संस्थेवर हक्काच्या संरक्षणाची जबाबदारी होती, तिनेच माघार घेतली.

डिसेंबर १९२७ : जाहीरनामा आणि संयम

नगरपालिकेच्या या माघारीनंतर डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा महाड येथे सत्याग्रह परिषद घेण्याचे ठरले. परिषदेसाठी जागा मिळू नये असा प्रयत्न झाला, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा मंडपासाठी दिली. परिषदेच्या काही दिवस आधी विरोधकांनी दिवाणी न्यायालयात दावा दाखल केला आणि १४ डिसेंबर रोजी न्यायालयाने डॉ. आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम दिला.

२५ डिसेंबर रोजी परिषदेस प्रारंभ झाला. आपल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी या परिषदेची तुलना १७८९ मध्ये व्हर्साय येथे भरलेल्या फ्रेंच प्रतिनिधींच्या सभेशी केली. प्रश्न केवळ तळ्याच्या पाण्याचा नसून समतेच्या पायावर समाजाची नव्याने उभारणी करण्याचा आहे, हे त्यांना सांगावयाचे होते. परिषदेने सर्व हिंदूंच्या जन्मसिद्ध समान हक्कांचा जाहीरनामा संमत केला. त्याच दिवशी सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन करण्यात आले. जन्मानुसार कर्तव्ये व दंड यांची विषम वाटणी करणाऱ्या व्यवस्थेचा तो जाहीर अस्वीकार होता. हा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे हे ब्राह्मण समाजातील होते, ही बाब व्यक्तिगत जबाबदारीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

यानंतरचा प्रश्न अधिक कठीण होता. हजारो लोक तळ्यावर जाण्यास सिद्ध होते. दुसरीकडे न्यायालयाचा मनाई हुकूम होता. जिल्हाधिकाऱ्यांनी परिषदेस येऊन सत्याग्रह तहकूब करण्याची विनंती केली. चर्चेनंतर न्यायालयाचा अंतिम निर्णय लागेपर्यंत सत्याग्रह स्थगित ठेवण्याचा निर्णय झाला. तळ्याभोवती शांततापूर्ण मिरवणूक काढण्यात आली, पाण्याला कोणी स्पर्श केला नाही. हा निर्णय अनेक कार्यकर्त्यांना जड गेला असणार. परंतु ज्या कायद्याच्या आधारे हक्क मागावयाचा, त्या कायद्याची प्रक्रिया आपणही मानली पाहिजे, ही जबाबदारीची जाणीव त्यामागे होती. हक्क मागणारे लोक जबाबदारी विसरतात, या आक्षेपाला महाडच्या परिषदेने कृतीने उत्तर दिले. मार्चमध्ये ज्यांनी कायदा हातात घेतला ते हक्क मागणारे नव्हते. हक्क नाकारणारे होते.

वहिवाट विरुद्ध हक्क : न्यायालयीन लढा

फेब्रुवारी १९२८ मध्ये तात्पुरता मनाई हुकूम उठविण्यात आला. दावा मात्र चालू राहिला. तळ्याचा उपयोग केवळ स्पृश्य हिंदू व मुसलमान यांनीच करावा अशी अनादिकालापासूनची वहिवाट आहे, असे वादींचे म्हणणे होते. जून १९३१ मध्ये कनिष्ठ न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. पहिले अपील फेटाळले गेले. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड यांनी दुसरे अपीलही फेटाळले. १९२२ मध्ये अहमदाबाद येथे महात्मा गांधींचा राजद्रोहाचा खटला चालविणारे न्यायाधीश ते हेच.

या निकालाचा आधार काळजीपूर्वक समजून घेणे आवश्यक आहे. ज्या वहिवाटीवर वादींनी भर दिला होता, ती अनादिकालीन असल्याचे त्यांना सिद्ध करता आले नाही, म्हणून दावा फेटाळला गेला. म्हणजेच न्यायालयापुढील प्रश्न वहिवाटीच्या पुराव्याचा होता. माणूस म्हणून पाण्यावर समान हक्क आहे काय, हा प्रश्न त्या काळच्या कायद्याच्या चौकटीत उपस्थितच होऊ शकत नव्हता. एक ओंजळ पाण्याचा निर्णय होण्यास जवळजवळ पूर्ण दहा वर्षे लागली आणि तोही वहिवाटीच्या पुराव्यातील उणिवेमुळे मिळाला. वहिवाट सिद्ध झाली असती तर काय झाले असते, हा प्रश्न संविधानाच्या निर्मितीपर्यंत शिल्लक राहिला.

संविधान व त्यानंतरचे कायदे

२६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाने या प्रश्नाचे उत्तर दिले. अनुच्छेद १३ ने मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे शून्यवत ठरविले आणि कायदा या संज्ञेत रूढी व वहिवाट यांचाही समावेश केला. यापुढे कितीही जुनी वहिवाट समान हक्काच्या आड येऊ शकणार नव्हती. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट व रस्ते यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणत्याही नागरिकावर निर्बंध घालण्यास मनाई आहे. १९२३ च्या बोले ठरावाचे येथे सहज स्मरण होते. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिच्या आचरणास मनाई केली.

या तरतुदींचे एक वैशिष्ट्य असे की, सामान्यतः मूलभूत हक्क हे शासनसंस्थेविरुद्ध असतात. परंतु वरील दोन तरतुदी एका नागरिकाला दुसऱ्या नागरिकाविरुद्धही संरक्षण देतात. येथे प्रत्येक व्यक्तीवर संविधानाने थेट जबाबदारी टाकली आहे. ‘मूलभूत कर्तव्ये’ या शीर्षकाखाली तिचा उल्लेख नसला तरी ती संविधानातील पहिली व सर्वांत ठोस नागरी जबाबदारी आहे, असे प्रस्तुत अभ्यासकास वाटते.

यानंतरच्या कायद्यांतही हेच सूत्र दिसते. १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्याचे १९७६ मध्ये नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे नामांतर झाले. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध कायद्याच्या कलम ४ ने कर्तव्यात हेतुतः कसूर करणाऱ्या लोकसेवकास शिक्षेची तरतूद केली. सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा असावा ही मागणी डॉ. आंबेडकरांनी गोलमेज परिषदेच्या काळातच केली होती आणि त्यासाठी १९२२ च्या ब्रह्मदेशातील बहिष्कारविरोधी कायद्यातील व्याख्येचा आधार घेतला होता. महाराष्ट्राने असा स्वतंत्र कायदा २०१६ मध्ये केला व तो जुलै २०१७ मध्ये अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. हा कायदा होण्यापूर्वी गावकीने कुटुंबांना वाळीत टाकल्याच्या तक्रारी ज्या जिल्ह्यांतून मोठ्या प्रमाणावर पुढे आल्या, त्यांत रायगड जिल्हा होता. १९८१ पूर्वी याच जिल्ह्याचे नाव कुलाबा असे होते. ज्या जिल्ह्यात १९२७ मध्ये समान हक्कांचा जाहीरनामा वाचला गेला, त्याच जिल्ह्यात सुमारे नव्वद वर्षांनंतर शेजाऱ्याने शेजाऱ्याशी बोलावे यासाठी कायदा करावा लागावा, ही बाब आपणा सर्वांना अंतर्मुख करणारी आहे.

आधी कर्तव्य की आधी हक्क?

आता प्रारंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाकडे वळता येईल. फ्रान्समध्ये ४ ऑगस्ट १७८९ रोजी राष्ट्रीय सभेत हक्कांच्या जाहीरनाम्यासोबत कर्तव्यांचाही जाहीरनामा असावा काय, यावर मतदान झाले. ५७० विरुद्ध ४३३ मतांनी ती सूचना फेटाळली गेली. टॉमस पेन यांनी पुढे असा युक्तिवाद केला की, जो माझा हक्क आहे तो इतरांचाही आहे. म्हणून हक्कांचा जाहीरनामा हाच परस्परसंबंधाने कर्तव्यांचाही जाहीरनामा असतो. १७९५ च्या फ्रेंच संविधानात कर्तव्यांची स्वतंत्र यादी आली, आणि त्याच संविधानाने मताधिकार करदात्यांपुरता मर्यादित केला.

महात्मा गांधींनी मे १९४७ मध्ये ज्यूलियन हक्स्ली यांना लिहिलेल्या पत्रात खरे हक्क हे उत्तम रीतीने बजावलेल्या कर्तव्यातून प्राप्त होतात, असे मत व्यक्त केले होते. गांधीजींच्या मांडणीत बलवानाने प्रथम आपले कर्तव्य ओळखावे ही अपेक्षा आहे. अस्पृश्यतेच्या प्रश्नावर त्यांनी सवर्णांनाच प्रायश्चित्त घेण्यास सांगितले होते. तथापि हे मत संदर्भ सोडून उद्धृत केले जाते तेव्हा त्याचा रोख दुर्बलाकडे वळतो. १० डिसेंबर १९४८ च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्यात ३० अनुच्छेद आहेत. व्यक्तीची समाजाप्रति कर्तव्ये असतात, हे त्यातील अनुच्छेद २९ मध्ये म्हटले आहे. हा अनुच्छेद हक्कांच्या आधी प्रवेशाची अट म्हणून येत नाही. सर्व हक्क सांगून झाल्यावर येतो.

भारतात मूलभूत कर्तव्यांचा समावेश ४२ व्या घटनादुरुस्तीने, स्वर्णसिंग समितीच्या शिफारशींनंतर, १९७६ मध्ये झाला. त्या वेळी देशात आणीबाणी होती आणि नागरिकांचे मूलभूत हक्क मोठ्या प्रमाणावर स्थगित होते. कर्तव्यांची ही यादी आशयाच्या दृष्टीने उदात्त आहे, आणि ती पुढेही कायम राहिली. परंतु ती ज्या काळात आली तो काळ विसरता येत नाही. याउलट २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीचे उदाहरण आहे. तिने सहा ते चौदा वर्षे वयाच्या बालकाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला, तो पुरविण्याची जबाबदारी शासनावर टाकली आणि पाल्याला शिक्षणाची संधी देण्याचे कर्तव्य पालकांवर ठेवले. हक्क बालकाचा आणि जबाबदारी प्रौढांची. मार्च १९२७ च्या महाड परिषदेने केलेली वाटणी याहून वेगळी नव्हती.

निष्कर्ष

१) जातिव्यवस्थेत कर्तव्यांची उणीव नव्हती, उणीव हक्कांची होती. म्हणून कर्तव्यपालनातून हक्क आपोआप निर्माण होतात, हे विधान भारतीय समाजाच्या इतिहासाला धरून नाही.
२) १९२३ व १९२४ च्या ठरावांनी हक्काला मान्यता दिली, परंतु जबाबदारी निश्चित न केल्यामुळे तो हक्क निष्क्रिय राहिला. जबाबदारीविना हक्क दुर्बळ ठरतो हे खरे आहे. मात्र ती जबाबदारी प्रामुख्याने हक्काच्या आड येणाऱ्याची व हक्काचे रक्षण करणाऱ्याची असते.
३) हक्क मागणाऱ्यांनीही स्वतःवर जबाबदारी घेतली. आत्मसुधारणा, संयम व कायद्याचा आदर ही तिची रूपे होती. ही जबाबदारी त्यांनी हक्काची किंमत म्हणून स्वीकारली नाही. स्वाभिमानाचा भाग म्हणून स्वीकारली.
४) बोले, टिपणीस, चित्रे, सहस्रबुद्धे, फत्तेखान यांच्यासारख्या व्यक्तींनी स्वसमाजाचा रोष पत्करूनही आपापल्या परीने जबाबदारी उचलली. हक्कांच्या इतिहासात अशा व्यक्तींची नोंद स्वतंत्रपणे होणे आवश्यक आहे.
५) भारतीय संविधानाने रूढीपेक्षा हक्क श्रेष्ठ ठरविला आणि नागरिकांवर परस्परांप्रति थेट जबाबदारी टाकली.

समारोप

१८ जानेवारी १९४३ रोजी पुणे येथे न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त दिलेल्या व्याख्यानात डॉ. आंबेडकरांनी सांगितले होते की, हक्कांचे खरे संरक्षण केवळ कायद्याने होत नाही. समाजाच्या नैतिक सद्सद्विवेकबुद्धीने होते. समाजाचा विरोध असेल तर कायदा, न्यायालय व विधिमंडळ यांपैकी कोणीही हक्क राखू शकत नाही, असा त्यांचा आशय होता. या विधानामागे महाडचा दहा वर्षांचा अनुभव उभा होता, हे सांगावयास नको.

अध्यापक म्हणून आपणास यातून एक बोध घेता येईल. मानवी हक्क दिनाच्या कार्यक्रमात विद्यार्थ्यांना त्यांच्या कर्तव्यांची यादी सांगणे सोपे आहे. आपल्या वर्गात, वसतिगृहात, भोजनगृहात, गावच्या पाणवठ्यावर आज कोणाची वाट अडलेली आहे आणि ती मोकळी करणे कोणाचे काम आहे, असा प्रश्न त्यांच्यापुढे व स्वतःपुढेही ठेवणे कठीण आहे. महाडच्या तळ्याकाठी १९२४ ते १९२७ या तीन वर्षांत नगरपालिकेचा ठराव ठाऊक असलेले अनेक सुशिक्षित लोक राहत असणार. त्यांनी कोणताही कायदा मोडला नाही; त्यांनी काहीच केले नाही. हक्क आणि जबाबदारी यांच्या संबंधाचा विचार करताना त्यांच्या या स्वस्थ बसण्याचाही हिशेब मांडावा लागतो.